आमचा प्रकल्प : एकोणीस गुंठे कुठे गेले?

(मोजणी शिबिरात इंजिनिअरिंगच्या चार विद्यार्थ्यांनी मिळून केलेलं भाषण. बोलले तसंच, थोडं आवरून छापत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)

 



आम्हाला सांगितलंय की तुमच्या कॉलेजच्या प्रकल्पाबद्दल बोला. आधी या शब्दाचंच सांगतो. पहिल्यांदा पाड्यावर आलो तेव्हा पडवीत बसलेल्या माणसांना आम्ही म्हणालो, "आम्ही इथे प्रकल्प करायला आलोय." सगळे एकदम गप्प. मग एका काकांनी विचारलं, "किती घरं उठणार?"

त्यांची चूक नव्हती. आपल्याकडे सूर्या, वैतरणा ही नावं ज्यांनी ऐकलीत, त्यांच्यासाठी प्रकल्प म्हणजे धरण. धरण म्हणजे पाणी शहराला आणि आपण डोंगरावर. आम्ही घाईघाईने सांगितलं की काका, आमचा प्रकल्प म्हणजे परीक्षेचा एक भाग आहे, कुणाचं घर उठणार नाही. काका म्हणाले, "बरं. मग बसा, चहा घ्या."

घर कुणाचं उठलं नाही, हे खरं. पण आमच्या प्रकल्पामुळे एका आजीची जवळजवळ अर्धी जमीन कागदावरून जाणार होती. ती कशी जाणार होती आणि कशी वाचली, हेच आज सांगायचं आहे. चूक आमची होती. ती लपवून बाकीचं सांगितलं तर त्याला काही अर्थ नाही.

आम्ही चौघं. दोघं पाड्यावरचे, आश्रमशाळेत शिकून पुढे गेलेले. दोघं शहरातले. चौघंही सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. विद्यापीठाचा नियम असा की शेवटच्या वर्षी तीन-चार जणांनी मिळून एक काम स्वतः करायचं. प्रश्न आपण शोधायचा, उत्तर आपण काढायचं, त्याचं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक बांधून द्यायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा द्यायची. तीन वर्षं मास्तर शिकवतात ते आपण शिकतो. हे एकच काम असं की त्यात मास्तरालाही उत्तर आधी माहीत नसतं.

निदान तसं असायला पाहिजे. खरं काय होतं ते सांगतो. शहरात अशी दुकानं आहेत जिथे तयार प्रकल्प विकत मिळतो. पैसे द्या, पुस्तक घ्या, वर नाव घाला. नाहीतर मागच्या वर्षीच्या मुलांचं पुस्तक घ्या आणि आकडे बदला. पुष्कळ जण हेच करतात. त्यांनाही दोष देत नाही. नोकरीच्या मुलाखती त्याच दिवसांत असतात आणि केटी लागली तर वर्ष जातं, घरून आलेले पैसे जातात. आम्हीसुद्धा आधी एका दुकानात जाऊन भाव विचारून आलो होतो.

मग झालं असं की आमच्यातला एक दिवाळीला घरी गेला. तेव्हा त्याच्या पाड्यावर वनहक्काचे दावे भरायचं काम चाललं होतं. कायदा 2006 चा, नियम 1 जानेवारी 2008 ला आले, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतो त्याचा हक्क लिहून द्यायचा, प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढी, जास्तीत जास्त 4 हेक्टर, म्हणजे दहा एकराला जरा कमी. आता "असेल तेवढी" म्हणजे किती? इथेच सगळं अडलं होतं. शेजारच्या गावात मोबाईलएवढं यंत्र घेऊन मोजणी झाली होती आणि लोक सांगत होते की आमचे प्लॉट लहान निघाले. कुणी म्हणे यंत्र खोटं आहे. कुणी म्हणे यंत्र कसं खोटं असेल, आपलंच खोटं आहे. आमचा मित्र सुट्टीहून परत आला आणि म्हणाला, "आपण सिव्हिलवाले. तीन वर्षं सर्व्हेइंग शिकलो. यंत्र खरं की खोटं एवढं आपल्याला सांगता येऊ नये?"

दुकानात परत गेलो नाही.

कॉलेजातल्या सरांना विषय सांगितला तर ते म्हणाले, "यात इंजिनिअरिंग काय आहे? हे समाजकार्य झालं." आम्ही वाद घातला. शेवटी ते म्हणाले, "तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून आणा. आणि कुठला आकडा आला तर तुम्ही चुकलात असं मानाल, तेही आधीच लिहा." आम्हाला तेव्हा राग आला. आज वाटतं, वर्षभरात आम्हाला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. एका वाक्यात लिहायला चार दिवस लागले. वाक्य असं झालं : "लहान आणि उताराच्या प्लॉटचं क्षेत्र हातातल्या जीपीएस यंत्राने मोजलं आणि टेपने मोजलं, तर किती फरक पडतो, आणि का?" त्यात मोर्चा नाही, घोषणा नाही. पण त्या वाक्याने आम्हाला वर्षभर सरळ ठेवलं.

आता चुकीची गोष्ट.

उसनं यंत्र घेऊन आम्ही पाड्यावर आलो. दोन दिवसांत तेरा प्लॉट फिरलो. नागली-वरई कापून झाली होती, खुंट उभे होते. खुंटांच्या कडेने चालायचं, कोपऱ्यावर बटण दाबायचं, की यंत्र क्षेत्र सांगतं. आम्ही एका कागदावर तक्ता केला, खाली सही केली आणि मोठ्या ऐटीत वनहक्क समितीच्या सचिवाकडे दिला. इंजिनिअरची पोरं मोजून गेली म्हटल्यावर सचिवाने ते आकडे सरळ दाव्याच्या फॉर्मवर चढवले. कायद्याने तपासणी करून नकाशा करायचा तो समितीने. समितीने विश्वास ठेवला तो आमच्यावर.

पुढच्या खेपेला गेलो तर एक आजी वाटेतच उभी. तिच्या प्लॉटचा आकडा आम्ही 21 गुंठे लिहिला होता. तिने कनवटीची पिशवी काढली, त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दंडाची जुनी पावती काढली. जंगलात शेती केली म्हणून दंड, क्षेत्र 1 एकर. म्हणाली, "दंड घेतला तेव्हा एक एकर होती. हक्क द्यायच्या वेळी एकवीस गुंठे कशी झाली? मधली कोणी खाल्ली?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने आम्हाला हाताला धरून प्लॉटवर नेलं. खुंट संपले तिथे आम्ही मागच्या वेळी वळलो होतो. ती तिथून पुढे गेली. पुढे गवत, करवंदीची झुडपं. तिने गवत पायाने दाबलं, खाली दगडाची ताल. चार पावलांवर दुसरी ताल. म्हणाली, "ही माझ्या सासऱ्याने रचली. ही जमीन झोपलीय, पोरांनो. दोन वर्षांनी उठेल, मग हिच्यात नागली आणि ती खालची झोपेल. तुम्ही जागी तेवढी मोजलीत."

वरकस जमीन आळीपाळीने पडीक ठेवतात, हे आमच्यातल्या दोघांना लहानपणापासून माहीत होतं. त्यांच्या घरचीच जमीन तशी आहे. पण हातात यंत्र आल्यावर त्यांनाही ते सुचलं नाही. हे आम्ही आमच्या पुस्तकात लिहिलं आहे : यंत्राची चूक मोजता येते, पण काय मोजायचं हेच चुकलं तर ती चूक यंत्र सांगत नाही.

फॉर्म आठ दिवसांत वरच्या समितीकडे जाणार होते. आमची कॉलेजची परीक्षा त्याच आठवड्यात होती. रात्रभर चौघं भांडलो. एकाचं म्हणणं, सचिवाला सांगू की आकडे थांबवा, परीक्षेनंतर येऊ. दुसऱ्याचं म्हणणं, थांबवा म्हणायला आपण कोण? गेले तर गेले. शेवटी ठरलं की ज्याने सही केली त्यानेच उभं राहायचं, आणि सही तर चौघांची होती. आम्ही ग्रामसभेत उभे राहिलो आणि सांगितलं, आमचा तक्ता चुकीचा आहे, तेराच्या तेरा प्लॉट परत मोजायला हवेत. कुणी शिव्या दिल्या नाहीत. एक बाई एवढंच म्हणाली, "मग या वेळी आम्ही पुढे चालू, तुम्ही मागून या." एका पेपरला आम्ही बसलो नाही. त्याची किंमत नंतर भरली, ते सांगत बसत नाही.

पाच दिवस मोजलं. टेपने. प्रत्येक प्लॉटवर ज्याची जमीन तो किंवा ती पुढे, दोन्ही बाजूचे शेजारी हजर, समितीचे दोघं हजर. त्या पाच दिवसांत आम्हाला कळलं की आजीचे गुंठे कुठे गेले. हिशेब सांगतो, कारण हा हिशेब प्रत्येकाला यायला हवा.

पावतीवर 1 एकर, म्हणजे 40 गुंठे. आमच्या कागदावर 21. गेले 19.

त्यातले सुमारे 13 गुंठे म्हणजे झोपलेली जमीन, ताली असलेली. ही आमची चूक. ते 13 परत आले. ग्रामसभेने ठरावात लिहिलं की आळीपाळीने पडीक ठेवलेला भाग हा कसणुकीचाच भाग आहे. तालींचं वर्णन लिहिलं, आणि दावेदार नसलेल्या दोन म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून अंगठे घेतले. नियमात पुराव्याच्या यादीत बांध, सपाटीकरण यांसारख्या जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही आहेत. ताल हा पुरावा आहे, साथींनो. दगड बोलतो, फक्त आपण त्याचं बोलणं कागदावर उतरवलं पाहिजे.

सुमारे 2 गुंठे यंत्राचे. ते कसे, सांगतो. हे यंत्र जमीन पाहत नाही. आभाळात सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरतात, ते सारखी वेळ सांगत असतात. यंत्र ती वेळ ऐकतं आणि ती किती उशिरा पोचली त्यावरून उपग्रह किती लांब आहे हे काढतं. निदान चार उपग्रह ऐकू आले तर आपण कुठे उभे आहोत हे त्याला कळतं. हे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत ते लोक सामान्य माणसाच्या यंत्रात मुद्दाम चूक घालत होते, ती 100 मीटरपर्यंत जाई. ती त्यांनी काढली. तरीही हातातलं साधं यंत्र उघड्या माळावर तीन-पाच मीटर इकडे-तिकडे सांगतंच. दाट झाडाखाली, घळीत, कड्याच्या पोटाशी त्याहून जास्त, कारण तिथे आभाळ कमी दिसतं.

आता पाच मीटर म्हणजे काय? मोठ्या धरणाच्या नकाशात काहीच नाही. पण 20 गुंठ्यांचा प्लॉट चौकोनी धरला तर त्याची एक बाजू जेमतेम 45 मीटर. त्याचे चार कोपरे तीन-तीन, पाच-पाच मीटर वेगवेगळ्या दिशेला सरकले तर दोन-तीन गुंठे कमी किंवा जास्त होणारच. प्लॉट जितका लहान, तितका हिश्शाने फटका मोठा. म्हणजे ज्याच्याकडे थोडी जमीन त्याचंच जास्त जातं.

आणि एक गंमत. चारही कोपरे एकाच दिशेला सारखे सरकले तर क्षेत्र बदलत नाही. गोधडी अख्खी उचलून दोन हात बाजूला टाकली तर ती लहान होत नाही. पण एक कोपरा इकडे ओढला आणि दुसरा तिकडे, तर होते. म्हणून अख्खा प्लॉट एका दमात फिरला तर यंत्र बरं सांगतं. दोन कोपरे सकाळी आणि दोन संध्याकाळी घेतले तर जास्त बिघडतं. आजीच्या प्लॉटचे दोन कोपरे जुन्या ऐनाच्या झाडांखाली होते. आम्ही तिथे थांबलोही नाही, बटण दाबून पुढे. दोन गुंठे तिथे गेले.

राहिले 4 गुंठे. ते कुठेच गेले नव्हते. ते उताराचे. हे नीट ऐका, कारण यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. कौलारू घर आठवा. छपराला कौलं किती लागतात आणि खाली सारवायला जमीन किती असते? कौलं जास्त लागतात, कारण छप्पर उतरतं आहे. नकाशात सरकार सारवायची जमीन मोजतं, छप्पर मोजत नाही. सगळ्यांची जमीन अशीच मोजतात, सपाटीवरच्या बागायतदाराचीही. फरक एवढाच की त्याचा उतार नसतो, म्हणून त्याचं काही जात नाही. दोन हात पुढे गेल्यावर एक हात चढ लागत असेल, तर उतारावर टेप टाकून 40 गुंठे भरणारी जमीन नकाशात सुमारे 36 भरते. पाच हातांवर एक हात चढ असेल तर 39. आजीच्या प्लॉटला दोनास एक असा चढ होता. उतारावर टेप टाकून मोजलं तर पावतीतला एकर जवळजवळ बरोबर आला. म्हणजे दंड छपराचा घेतला होता आणि हक्क सारवणाचा मिळणार!

आम्ही हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे चार गुंठे कुणी घेत नाही ना? पेरायला माझेच ना?" म्हटलं, तुझेच. "मग लिहा छत्तीस." चतुःसीमा मात्र तिने स्वतः बसून लिहून घेतली : वर वाघदेवाचा दगड, खाली ओहळ, एका अंगाला दिराची ताल, दुसऱ्या अंगाला वाट. आकडा दोन-चार गुंठ्यांनी हलू शकतो, वाघदेव हलत नाही. नियमातही हेच आहे की नकाशात ओळखता येतील अशा खुणा दाखवायच्या. कायदा वाचताना ती ओळ आमच्या नजरेतून सुटली होती.

आता टेपने कसं मोजायचं ते थोडक्यात. दुपारी प्लॉटवर करून दाखवूच.

आपला गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. जुनी मोजणीची साखळीही 33 फुटांचीच. असे 40 गुंठे म्हणजे एकर. फुटांत मोजलं तर 1089 चौरस फुटांचा एक गुंठा. एवढं पाठ करा.

प्लॉट कितीही वाकडा असो, त्याचे त्रिकोण पाडता येतात. त्रिकोणाची एक बाजू मोजा, समोरच्या टोकापासून त्या बाजूवर काटकोनात अंतर मोजा, दोन्हींचा गुणाकार करून निम्मं करा. बाजू 99 फूट आणि ते अंतर 66 फूट असेल तर 3267 चौरस फूट, म्हणजे बरोबर 3 गुंठे. काटकोन कसा बघायचा हे गवंड्याला विचारा. दोरीला गाठी मारून तीन, चार, पाच हातांचा त्रिकोण केला की तीन आणि चार मिळतात तिथे काटकोन होतो.

उतारावर टेप जमिनीवर टाकायचा नाही. वरचं टोक जमिनीला, खालचं टोक हातात उचलून टेप आडवा समपातळीत धरायचा आणि खालच्या टोकापासून ओळंबा सोडायचा. ओळंबा टेकला तिथे खुंटी. तिथून पुढचा टप्पा. हात छातीच्या वर न्यावा लागला तर टप्पा लहान घ्यायचा. पायऱ्या उतरतो तसं. समपातळी डोळ्याने ठरवू नका, डोळा उतारावर फसतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी धरा, पाणी फसत नाही.

दोरीने मोजत असाल तर नायलॉनची दोरी नको, ती ताणली की लांबते. कापडी टेप भिजला की फरक पडतो. पोलादी किंवा फायबरचा टेप घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ताळा. चौकोनी प्लॉटच्या चार बाजू आणि एक कर्ण मोजला की क्षेत्र निघतं. तरी दुसरा कर्णही मोजा. नकाशा काढल्यावर तो कागदावर जुळला पाहिजे. नाही जुळला तर कुठेतरी चुकलंय. तसंच लागून असलेल्या चार प्लॉटची बेरीज आणि चौघांना मिळून बाहेरून मोजलेलं क्षेत्र जवळपास सारखं यायला हवं. दोघांमधला बांध एकदाच, दोघांच्या समोर मोजायचा. भावाभावांची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

यंत्र फेकून द्या असं आमचं म्हणणं नाही. यंत्राने प्लॉट पृथ्वीवर कुठे आहे ते कळतं, टेपने तो केवढा आहे ते कळतं. दोन्ही लागतात. मोठ्या प्लॉटला आणि सामूहिक हक्काच्या जंगलाला यंत्रच बरं, तिथे टेप घेऊन फिरलात तर पावसाळा येईल. पण यंत्र घेऊन कोणी आलं तर तुम्ही बरोबर चला. विचारा, आत्ता किती मीटरची चूक दाखवतंय? ते यंत्रावर लिहून येतं. झाडाखालच्या कोपऱ्यावर थांबायला लावा. पडीक भाग दाखवा. आणि यंत्राचा नकाशा जुन्या नकाशावर ठेवताना दोन्हींची पृथ्वीची मापं जुळवून घेतली का, हे विचारा. जुने नकाशे वेगळं माप धरून केलेत. न जुळवता एकावर एक ठेवले तर तुमचा प्लॉट पन्नास-शंभर मीटर सरकून ओहळापलीकडच्या दाट जंगलात पडू शकतो. मग वर बसलेला माणूस म्हणेल, इथे शेती दिसतच नाही.

आता परीक्षेचं काय झालं?

पुस्तक बांधायच्या आधी सर म्हणाले, "तो पहिला चुकलेला तक्ता काढून टाका, परीक्षक धरतील." आम्ही म्हटलं, सर, मोजणीच्या वहीचा नियम तुम्हीच शिकवलात : चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "राहू दे." त्या पुस्तकात 21 वर रेघ आहे आणि शेजारी 36 आहे. पुढे तीन पानं, का ते सांगणारी.

परीक्षकांनी विचारलं, "टेपने मोजणं यात नवीन काय?" आम्ही म्हटलं, टेप नवा नाही. तेच प्लॉट दोन्ही रीतींनी मोजून, प्लॉट किती लहान आणि उतार किती असला म्हणजे कुठली रीत कुठे फसते, हे आम्ही आकड्यांनी दाखवलंय. त्यांनी तासभर खोदून विचारलं. काही उत्तरं आली, काही नाही. पास झालो. पहिले-बिहिले आलो नाही. यंत्रमानव केलेल्या मुलांना जास्त मार्क मिळाले. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. एक कॉलेजच्या वाचनालयात धूळ खात असेल. दुसरी पाड्यावर समितीच्या ट्रंकेत आहे, आजीच्या पावतीच्या झेरॉक्सबरोबर. ती मात्र वापरून वापरून फाटायला आलीय. पाड्यावरची सहा पोरं-पोरी आता आमच्याशिवाय मोजतात. त्यात एक नववी नापास आहे, त्याचा ओळंबा आमच्यापेक्षा सरळ पडतो.

आजीचा दावा वर गेला आहे, 36 गुंठ्यांचा. निकाल अजून आलेला नाही. नामंजूर झाला तर कारण लेखी मागू आणि 60 दिवसांच्या आत वरच्या समितीकडे जाऊ. निकाल आला असता तर तुम्हाला गोड शेवट सांगितला असता. तो आपल्याला मिळून आणावा लागेल.

शिकणाऱ्या पोरापोरींना शेवटचं सांगतो. तुमच्यावरही हे वर्ष येईल. डिप्लोमा असो, डिग्री असो, बी.एस्सी. असो, काहीतरी स्वतः करून दाखवा असं सांगतील. तेव्हा दुकानात जाऊ नका. आपल्या पाड्यावर या. झऱ्याचं पाणी मार्चमध्येच का आटतं, नागली दळायची चक्की मोटारीशिवाय कशी चालेल, आश्रमशाळेचं छप्पर का गळतं, असे प्रश्न इथे पडलेले आहेत. प्रश्न एका वाक्यात लिहा. किती आलं तर आपण चुकलो ते आधी लिहा. चुकलात तर पुसू नका, रेघ मारा. आणि ज्याची जमीन, ज्याचं पाणी, त्याला पुढे चालू द्या.

कॉलेजने आम्हाला मोजायला शिकवलं. काय मोजायचं ते आजीने शिकवलं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर सरांचे आभार आहेत, तिथेच तिचेही आहेत. नाव घालू का विचारलं तर म्हणाली, "माझं नाव तिथे नको. सातबाऱ्यावर घाला."

चला, टेप घ्या. ऊन चढायच्या आत खालचा प्लॉट मोजून होईल.

जिंदाबाद!